सहा गाण्यांची तबकडी आणि मुखवट्याचा प्रश्न

गेल्या दिवाळीत बंगळुरूहून आलेल्या आमच्या नातवाने फराळ आटोपल्यावर आमच्या कानांत आपले इयरफोन बसवले आणि म्हणाला, "आजोबा, फक्त पाव तास. नाही आवडलं तर काढून ठेवा." नातवंडांच्या आग्रहापुढे आजोबांची तत्त्वे टिकत नाहीत, हा सार्वत्रिक अनुभव आहे. आम्ही डोळे मिटून ऐकू लागलो. प्रथम ऐकू आला तो केवळ गदारोळ. गिटारींचा एक अजस्र लोट अंगावर येत होता, आणि त्या लोटाखाली कुठेतरी एक मानवी आवाज होता. तो गात होता हे निश्चित. काय गात होता हे कळण्यास मार्ग नव्हता. आमच्या पिढीच्या माणसाने अशा वेळी जे म्हणावे ते आम्ही म्हटले, "अरे, गाणाऱ्याचा आवाज वर का नाही घेतला? यंत्र बिघडलं होतं का?"

नातू हसला. म्हणाला, "बिघडलेलं नाही. मुद्दाम खाली ठेवलाय."

हे 'मुद्दाम' आमच्या मनात घर करून राहिले. दुसऱ्या दिवशी आम्ही तीच तबकडी पुन्हा मागून घेतली, तिसऱ्या दिवशीही. वाचकांना आश्चर्य वाटेल, परंतु तिसऱ्या वेळी त्या गदारोळातून चाली वेगळ्या होऊ लागल्या. 'जॅकी' हे पहिलेच गाणे दुरावलेल्या प्रेमाचे आहे, हेही शब्दांवाचून जाणवले. तथापि आमचा विषय संगीतसमीक्षेचा नाही. तो अधिकार आमचा नव्हे. या सहा गाण्यांच्या निमित्ताने जो प्रश्न उभा राहिला, आणि ज्याने आमचे एक जुने दुखणे उकरून काढले, त्याविषयी चार शब्द लिहावेत एवढाच हेतू आहे.

त्या तबकडीचे नाव 'द अॅसिम्प्टॉटिकल वर्ल्ड'. इंग्लंडमधील 'वॉर्प' या कंपनीने ती जुलै २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. तबकडी म्हणायचे ते सवयीने. आज गाणी हवेतूनच येतात. सहा गाणी आणि पाव तासाहून थोडा अधिक वेळ. म्हणजे पूर्ण अल्बम नव्हे आणि सुटे गाणेही नव्हे. ज्यांच्या घरी रेकॉर्ड-प्लेअर होता त्यांना चार भावगीतांच्या छोट्या 'ई.पी.' आठवत असतील, त्याच जातीची ही चीज. गाणाऱ्याचे नाव ईव्ह ट्यूमर. हे खरे नाव नव्हे, धारण केलेले नाव आहे. ट्यूमर म्हणजे शरीरातली गाठ. असे अभद्र नाव कोणी आपण होऊन का घ्यावे हे आम्हांला आजही उमगलेले नाही. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात वाढलेला हा कलावंत स्वतःविषयी फार थोडे बोलतो. रंगमंचावर मात्र रंगवलेला चेहरा, केसांचे टोप, झगमगता पोशाख असा सारा थाट असतो.

या तबकडीत रॉक संगीताच्या दोन परंपरांचा संगम झाला आहे, असे नातवाने समजावून सांगितले. पैकी पहिली 'ग्लॅम'. १९७१-७२ च्या सुमारास इंग्लंडात मार्क बोलन हा गायक गालांवर चमकी लावून दूरचित्रवाणीवर आला, आणि १९७२ साली डेव्हिड बोवीने 'झिगी स्टारडस्ट' नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण करून त्या पात्राच्या वेषात गाण्यास आरंभ केला. पुरुषाने स्त्रीसारखे नटावे, देवासारखे झळकावे, सारा प्रकाश स्वतःवर ओढून घ्यावा, हा या परंपरेचा धर्म. दुसरी परंपरा 'शूगेझ', म्हणजे शब्दशः जोड्यांकडे टक लावून पाहणे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंड-आयर्लंडमधील काही वादक गिटारीचा नाद बदलणारी अनेक पेडल पायांशी मांडून ठेवीत आणि सारा वेळ खाली मान घालून ती दाबीत उभे राहत. श्रोत्यांकडे ढुंकूनही पाहत नसत. वृत्तपत्रांनी त्यांची थट्टा म्हणून हे नाव पाडले आणि तेच रूढ झाले. 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' या वृंदाची १९९१ ची 'लव्हलेस' ही तबकडी या पंथाची पोथी मानली जाते. तिच्यात गाणाऱ्यांचा आवाज वाद्यांच्या नादात असा मुरवला आहे की तो एक वाद्यच होऊन राहतो. आषाढी वारीत टाळ-मृदंगाच्या कल्लोळात एखाद्या वारकऱ्याचा सुटा आवाज शोधायला जावे, तसे काहीसे.

एकीकडे स्वतःला पराकाष्ठेचे दाखवणे आणि दुसरीकडे पराकाष्ठेचे लपवणे. या दोन गोष्टी एकाच माणसाने एकाच पाव तासात कराव्यात हे आम्हांला विलक्षण वाटले. नातवाच्या एका मित्राला मात्र ते दांभिक वाटते. त्याचे म्हणणे असे की, ज्याला आपले नाव सांगवत नाही, चेहरा दाखववत नाही, शब्दही स्पष्ट उच्चारवत नाहीत, त्याच्या गाण्यावर विश्वास कसा ठेवावा? "तुम्हांला काय वाटतं, आजोबा? मुखवटा घालणं म्हणजे खोटं बोलणं का?"

प्रश्न विशीच्या मुलाने विचारला म्हणून लहान ठरत नाही. आम्ही त्या वेळी वेळ मारून नेली. उत्तर शोधण्याचा प्रयत्न या लेखात करीत आहोत.

नावापासून आरंभ करू. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने हिंदुस्थानी गाणे प्रथम मुद्रित केले. गौहरजान या प्रख्यात गायिकेने गाणे संपताच कर्ण्यात तोंड घालून इंग्रजीत आपले नाव पुकारले. मुद्रिका जर्मनीत हॅनोव्हरला जाऊन छापल्या जाणार; तेथील कारागिरांना कोणती कोणाची हे कळावे, यासाठी केलेली ती सोय होती. परंतु ऐकणाऱ्याला तो अभिमानाचा उद्गार वाटतो. गाणे माझे आहे, मी अमुक आहे! सहा गाणी गाऊन खरे नाव न सांगणारा आजचा कलावंत आणि तीन मिनिटांच्या अखेरीस नाव गर्जणारी ती गायिका यांत खरे कोण, असा प्रश्न कोणी विचारला तर?

आणि आपल्याच अंगणात पाहावे. आमच्या बीदर जिल्ह्यातील कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बाराव्या शतकात शरणांनी वचने रचली. बसवण्णांच्या वचनात बसवण्णांचे नाव मुद्रा म्हणून येत नाही. येते ते कूडलसंगमदेवाचे. अल्लमप्रभूंच्या वचनात गुहेश्वर, अक्कमहादेवींच्या वचनात चेन्नमल्लिकार्जुन. रचणारा स्वतःला आपल्या देवाच्या नावामागे ठेवतो. आपल्या मराठी संतांत बहुतेकांनी स्वतःचे नाव अभंगाच्या शेवटी घातले. नामा आणि तुका हे त्यांतले सर्वांच्या तोंडी असलेले. ज्ञानदेव मात्र पुष्कळदा 'बापरखुमादेवीवरु' अशी विठ्ठलाचीच मुद्रा वापरतात. शरण नाव झाकतात म्हणून ते खोटे, आणि तुकोबा नाव सांगतात म्हणून ते अहंकारी, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? तेव्हा नाव सांगणे वा न सांगणे ही सत्याची कसोटी होऊ शकत नाही, एवढे तरी निश्चित झाले.

(जाता जाता एक कबुली. हा लेख लिहिताना आम्हीही 'मी' न म्हणता 'आम्ही' म्हणत आहोत. ही जुनी संपादकी चाल आहे, तिच्यात थोडा रुबाब आहे आणि थोडी लपण्याची सोयही आहे. सरकारी टिपणीत तर आम्ही याहून पुढचा पल्ला गाठला होता. 'असे आदेशित करण्यात आले आहे' या वाक्यात आदेश देणारा कोण, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. कन्नडमध्येही हुबेहूब तीच रचना आहे. छत्तीस वर्षांच्या नोकरीत आम्ही खाली मान घालून, आवाज बुडवून किती लिहिले असेल, याचा हिशेब ठेवलेला नाही.)

आता वेषाकडे वळू. येथे मराठी माणसाला परदेशी जाण्याचे कारणच नाही. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांचा जन्म १८८८ चा, मृत्यू १९६७ चा. १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत ते आले आणि १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. 'स्वयंवरा'तली रुक्मिणी, 'एकच प्याला'तली सिंधू, 'मानापमाना'तली भामिनी. शालू, दागिने, अत्तरे, खरे जरीकाम यांवर मंडळीने पाण्यासारखा पैसा ओतला आणि अखेरीस ती कर्जात बुडाली. त्या काळच्या कुलीन स्त्रिया त्यांच्या लुगडे नेसण्याची आणि अंबाड्याची नक्कल करीत. लंडनच्या चमकीवाल्या गायकांचा जन्मही झालेला नव्हता तेव्हा ग्लॅमचे परमशिखर आपल्या रंगभूमीवर झळकून गेले होते, असे नातवाला सांगताना आम्हांला थोडा गर्व झाला, हे लपवीत नाही.

परंतु आम्ही बालगंधर्वांना रंगमंचावर पाहिलेले नाही. आमच्या जन्माच्या वेळी ते वृद्ध झाले होते. आमचे बालगंधर्व म्हणजे वडिलांच्या लाकडी पेटीतल्या ७८ फेऱ्यांच्या काळ्या तबकड्या. वडिलांचे शिक्षण निजामी राजवटीत उर्दूतून झाले, घरी मराठी, बाजारात कन्नड. रविवारी दुपारी ते ग्रामोफोनला किल्ली देत आणि आम्ही भावंडे जाजमावर बसून ऐकत असू. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम सव्वातीन मिनिटे मावतात. जे पद रंगमंचावर वन्समोअर घेत घेत दीर्घ काळ चाले, ते तेथे कोंबून बसवलेले असे. शालू नाही, नथ नाही, दिव्यांचा झगमगाट नाही. उरतो तो सुईच्या खरखरीत अर्धा बुडालेला एक आवाज. आज विचार करता वाटते की, आमच्या बालपणीचे बालगंधर्व ग्लॅम आणि शूगेझ दोन्ही होते. नटलेले होते, पण दिसत नव्हते. गात होते, पण खरखरीच्या पडद्याआडून. आमची धाकटी बहीण एकदा विचारती झाली, "दादा, या बाई कोण?" वडिलांनी तबकडी संपेपर्यंत उत्तर दिले नाही. मग म्हणाले, "बाई नव्हेत, बुवा आहेत. पण तू म्हणतेस तेही बरोबर."

या उत्तरात आम्हांला पहिली कसोटी सापडते. बालगंधर्व पुरुष आहेत हे नाट्यगृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. ठाऊक असूनही ते रुक्मिणी पाहत होते. ज्याला मुखवटा ठाऊक आहे त्याच्यापुढे घातलेला मुखवटा असत्य नसतो. तो दोघांनी मिळून केलेला करार असतो. फसवणुकीला एक फसणारा लागतो, आणि येथे फसणारा कोणीच नाही.

कसोटी सोपी आणि समाधानकारक वाटली. दोन दिवस आम्ही खुशीत होतो. मग तिला दोन छिद्रे दिसली.

पहिले छिद्र बोवीचे. ३ जुलै १९७३ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियन नाट्यगृहात झिगीच्या वेषातील बोवीने कार्यक्रमाच्या शेवटी जाहीर केले की, हा आपला अखेरचा प्रयोग आहे. प्रेक्षक रडू लागले. त्यांना वाटले, बोवीच गाणे सोडतो आहे. प्रत्यक्षात संपत होता तो झिगी. बोवी पुढे कित्येक दशके गात राहिला. बरोबरच्या वादकांपैकी काहींनाही याची आगाऊ कल्पना नव्हती. मुखवटा ठाऊक होता, पण त्या क्षणी कोण बोलतो आहे, मुखवटा की माणूस, हे ठाऊक नव्हते. करार तेथे तुटला, असे आम्हांला वाटते. नातवाला तसे वाटत नाही. तो म्हणतो, शेवटचा अंकही नाटकाचाच भाग होता. असो.

दुसरे छिद्र खोल आहे. १२ मार्च १९११. मुंबईत 'मानापमाना'चा पहिला प्रयोग. नाटक खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, नायिका भामिनी अर्थात बालगंधर्व. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलण्याची मंडळीची तयारी होती. बालगंधर्वांनी तो होऊ दिला, उभे राहिले आणि गायले. मराठी घरांत ही कथा निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते आणि आम्हीही ती तशीच ऐकली. आता मात्र प्रश्न पडतो. भामिनीच्या वेषाखाली पुरुष आहे हे प्रेक्षकांना ठाऊक होते. त्या पुरुषाखाली त्या दिवशी एक पोरका झालेला बाप आहे, हे तिकीट काढून बसलेल्या सामान्य माणसाला कोठून ठाऊक असणार? आमची कसोटी लावायची तर ही फसवणूक ठरते. आणि ही फसवणूक आहे असे म्हणायला जीभ रेटत नाही.

का रेटत नाही? यावर बरेच दिवस विचार केल्यावर आम्ही या निष्कर्षाप्रत आलो की, 'समोरच्याला ठाऊक आहे का' हा प्रश्नच अपुरा आहे. त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न मांडावा लागतो: जे झाकले ते समोरच्याचे देणे होते का? बालगंधर्वांचे प्रेक्षकांशी देणे होते ते भामिनीचे. ते त्यांनी पुरेपूर चुकते केले. बापाचे दुःख हे प्रेक्षकांचे देणे नव्हते. ते झाकल्याने कोणाचे काही हिरावले गेले नाही. टेनेसीच्या त्या कलावंताचे देणे गाण्याचे आहे. त्याने नाव दिले नाही, चरित्र दिले नाही, शब्दही नीट दिले नाहीत. पण जे द्यायचे ते त्या सहा गाण्यांत ओतून दिले आहे. नातवाच्या मित्राला जे हवे आहे ते त्याचे येणेच नाही.

हे लिहीत असता माणिकनगरचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. हुमनाबादेजवळच्या या स्थानी आमच्या घरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या दत्तजयंतीला जात आली आहेत. श्री माणिकप्रभू, जन्म १८१७, समाधी १८६५. त्यांचे एक वैशिष्ट्य परक्यांना कोड्यात टाकते. वृत्तीने फकीर, आणि बैठक राजाची! दरबार, भरजरी पोशाख, गाणे-बजावणे, कलावंतांचा मेळा. आलेले धन मात्र मुक्कामाला राहत नसे. एका हाताने आले ते दुसऱ्या हाताने गेले. त्यांच्या जयघोषात 'राजाधिराज' आणि 'योगिमहाराज' ही विशेषणे खांद्याला खांदा लावून उभी असतात. त्यांनी पदे रचली ती मराठीत, कन्नडात, हिंदुस्थानीत. कोणी त्यांना दत्त मानले, लिंगायतांनी बसवण्णांच्या ठायी पाहिले, मुसलमानांनी महबूब सुभानींच्या. यांपैकी खरे कोणते, असे त्यांनी कोणाला बजावून सांगितल्याचे आम्ही ऐकलेले नाही. त्यांच्या संप्रदायाचे नावच सकलमत. ज्याला जे येणे होते ते मिळत होते, तोवर वर वस्त्र कोणते आहे याची चौकशी कोणी केली नाही.

येथवर आल्यावर लेख संपवता आला असता. पण आरंभी ज्या दुखण्याचा उल्लेख केला ते येथेच ठसठसते.

१९८६ सालची गोष्ट आहे. बेळगाव भागात कन्नडसक्तीविरुद्धचे आंदोलन पेटले होते आणि त्याची धग आमच्या सीमेवरच्या तालुक्यांतही जाणवत होती. आम्ही तरुण होतो, नोकरीत नवे होतो, आणि मराठी आडनावाचा अधिकारी म्हणून आमच्याकडे काही नजरा रोखलेल्या आहेत असे आम्हांला वाटे. त्या खरोखर होत्या की नाही, देव जाणे. एके दिवशी एक वयस्क शेतकरी अर्ज घेऊन आला. धोतर, डोक्याला मळका पटका, हातात पिशवी. जमिनीच्या फेरफाराचे काम होते. अर्ज कोणाकडून तरी कन्नडमध्ये लिहून आणलेला. त्यात काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नव्हते. तो उभा राहिला आणि मराठीत बोलू लागला. "साहेब, दोन भावांच्या वाटण्या झाल्या, पण माझा तुकडा अजून बापाच्याच नावावर हाय. चार खेपा झाल्या. कुणी नीट सांगंना."

आम्हांला त्याचा शब्दन् शब्द कळला. त्याची बोली आमच्या आजोळची होती. खोलीत आमच्याखेरीज दोन कारकून होते. आम्ही मान वर न करता कन्नडमध्ये विचारले, "अर्ज आणला आहे का?" तो गोंधळला. पुन्हा मराठीत बोलला, या वेळी सावकाश, जसे बहिऱ्या माणसाशी बोलतात तसे. आम्ही कारकुनाकडे पाहिले, आणि कारकुनाने आम्हांला त्याचे म्हणणे कन्नडमध्ये समजावून सांगितले. आम्ही समजावून घेतले! आमच्या मातृभाषेचा अनुवाद आम्ही गंभीर चेहऱ्याने ऐकला. जाताना तो शेतकरी दाराशी थबकला आणि स्वतःशीच म्हणाला, "आमचं गाव हिकडं आलं, त्यात आमची काय चूक?"

राज्याच्या अधिकाऱ्याने राज्याच्या भाषेत कारभार करावा यात वावगे काही नाही. आम्ही तो आयुष्यभर केला आणि कन्नड भाषेवर आमचे मनःपूर्वक प्रेम आहे. तिने आम्हांला अन्न दिले, मित्र दिले आणि वचने वाचण्याचे भाग्य दिले. दोष कन्नड बोलण्यात नव्हता. दोष मराठी येत नसल्याचे सोंग करण्यात होता. आता दोन्ही कसोट्या लावून पाहतो. समोरच्याला मुखवटा ठाऊक होता का? नव्हता. जे झाकले ते त्याचे देणे होते का? नियमाप्रमाणे पाहिल्यास नव्हते. आम्ही अर्ज घेतला, काम मार्गी लावले, नियमाने एवढेच मागितले होते. पण चार खेपा घालून आलेल्या माणसाला 'बसा, काळजी करू नका, होईल' ही चार अक्षरे त्याला कळतील अशा भाषेत ऐकायची होती. ती आमच्याजवळ होती, आणि आम्ही ती दिली नाहीत. कारण निष्ठा नव्हते, भीती होते. बालगंधर्वांनी जे झाकले त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. आम्ही जे झाकले त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. हा फरक कळायला आम्हांला सुमारे चाळीस वर्षे आणि एका परक्या देशाची सहा गाणी लागली.

त्या तबकडीच्या नावाचा अर्थ नातवाने आम्हांला विचारला होता, कारण त्याला वाटले, आजोबा गणिताचे पदवीधर आहेत. ते खरे आहे. 'अॅसिम्प्टोट' म्हणजे अशी रेषा की एखादी वक्ररेषा तिच्या जवळ जवळ येत जाते, अंतर कोणत्याही ठरवलेल्या अंतराहून कमी होते, पण ते नाहीसे होत नाही. ग्रीक शब्दाचा अर्थ 'एकत्र न पडणारी' असा आहे. गंमत अशी की, आपल्याकडे तिला म्हणतात 'अनंतस्पर्शी'. ग्रीकांना जे न मिळणे दिसले ते आपल्या शब्दकर्त्याला अनंतात का होईना, मिळणे वाटले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्ये भाषेप्रमाणे विभागली गेली तेव्हापासून आमच्यासारखी मराठी घराणी याच वक्ररेषेवर आहेत. महाराष्ट्राच्या जवळ, कर्नाटकाच्या जवळ, कोणाशीही पुरती न मिळालेली. पुण्याचे नातलग आमच्या मराठीला हसतात, आणि कन्नड स्नेही आमच्या कन्नडातल्या एखाद्या उच्चारावर अजूनही थांबतात. याबद्दल तक्रार नाही. वक्ररेषेवरून दोन्ही बाजूंचे चांगले दिसते. त्या शेतकऱ्याबाबत मात्र अंतर केवळ एका टेबलाचे होते आणि ते आम्ही राखले.

दिवाळीनंतर नातू परत निघाला त्या सकाळी आम्ही त्याला ही हकिगत सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारले, "त्याचं काम झालं का, आजोबा?"

झाले. तीन आठवड्यांत फेरफार मंजूर झाला. प्रत न्यायला तो आला तेव्हा आम्ही दौऱ्यावर होतो; कारकुनाने त्याचा अंगठा घेऊन ती दिली. खाली आमची सही होती, आणि सहीखाली कन्नड लिपीत आमचे पूर्ण नाव, आडनावासकट. ते त्याला गावात कोणी वाचून दाखवले की नाही, हे आम्हांला कधी कळले नाही.